रेषेला नाव देणारा हात

नकाशावरची रेषा मुळात मुकी असते. ती नदी आहे की रस्ता, शेताचा बांध आहे की लोहमार्ग, याचा तिच्या वळणांवरून फार तर अंदाज बांधता येतो. खात्री हवी असेल तर कुणीतरी तिच्याशेजारी खूण करावी लागते किंवा शब्द लिहावा लागतो. जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या डिजिटल नकाशात हे काम ‘टॅग’ करतो. टॅग म्हणजे दोन शब्दांची जोडी. पहिला शब्द प्रश्नासारखा असतो, त्याला ‘की’ म्हणतात. दुसरा उत्तरासारखा, त्याला ‘व्हॅल्यू’ म्हणतात. ‘हायवे=फूटवे’ असे लिहिले की रेषेची पायवाट होते, ‘वॉटरवे=स्ट्रीम’ लिहिले की तिचा ओढा होतो. ही जोडी इतकी साधी दिसते, की तिच्यामागे काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. परंतु ती फार लांबून चालत आली आहे. त्या वाटेने आपण तीन हजार वर्षे मागे जाऊ आणि प्रत्येक मुक्कामी एकच गोष्ट विचारू: ही रेषा काय आहे, हे सांगण्याचा अधिकार इथे कुणाच्या हाती होता?

पहिला मुक्काम इजिप्तमध्ये, इसवी सनापूर्वी सुमारे ११५० सालचा. फेरो चौथ्या रामेसिसच्या काळात वादी हम्मामातच्या खडकाळ दरीत दगड आणण्यासाठी मोहिमा निघत असत. त्या दरीचा पपायरसवर काढलेला नकाशा आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. तो अमेननख्त नावाच्या लेखनिकाने काढला असे अभ्यासक मानतात. त्यात काही डोंगर काळपट, तर काही तांबूस रंगवले आहेत आणि शेजारच्या हिएरॅटिक लिपीतल्या मजकुरात तांबूस डोंगर म्हणजे सोने निघणारे डोंगर असा खुलासा केलेला आहे. डोंगराचा आकार, त्याला दिलेला रंग आणि त्या रंगाचा शब्दांत सांगितलेला अर्थ हे तीन धागे इथेच एकत्र आलेले दिसतात. नाव देणारा हात राजदरबारच्या लेखनिकाचा होता आणि त्याला कशाची नोंद हवी होती तेही उघड आहे: दगड, सोने आणि तिथवर नेणाऱ्या वाटा.

दुसरा मुक्काम इसवी सन १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात. टॉलेमीच्या ‘भूगोल’ ग्रंथाचा मोठा भाग म्हणजे सुमारे आठ हजार ठिकाणांची यादी आहे. प्रत्येक ठिकाणाचे नाव, त्यापुढे रेखांश आणि अक्षांश. चित्र हरवले तरी चालेल, यादी हाती असली की नकाशा पुन्हा काढता येईल, असा त्यामागचा विचार होता. संगणकाच्या युगात ज्याला आपण माहिती आणि तिचे रेखाटन वेगळे ठेवणे म्हणतो, त्याची ही प्राचीन सुरुवात. या यादीत आपल्या ओळखीची गावे भेटतात. बैठाण म्हणजे आपले पैठण. त्याच्यापुढे ते राजा सिरी पुळुमावीची राजधानी असल्याची टीप आहे. ओझेने म्हणजे उज्जैन. त्यापुढे राजा चष्टनाचे नाव आहे. एक बिंदू, त्याचे स्थान, त्याचे नाव आणि त्याचा एक गुणधर्म असा आजच्या टॅगचा सांगाडाच तिथे उभा आहे. फक्त तो गुणधर्म पैठणच्या रहिवाशाने लिहिलेला नव्हता. व्यापारी आणि खलाशी जे सांगत आले, त्यातून हजारो मैल दूर बसलेल्या एका विद्वानाने तो निवडला होता.

नंतरच्या शतकांत नकाशे चित्रमय झाले. गावाच्या जागी बुरुज, जंगलाच्या जागी झाडांची रांग, डोंगराच्या जागी मातीच्या ढिगासारखे उंचवटे. वाचणाऱ्याने चित्र ओळखावे एवढीच अपेक्षा असे. पण नकाशांतला बारकावा वाढला, तसे चित्र ओळखणे अवघड होत गेले आणि नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची सूची अवतरली. इंग्लंडमध्ये जॉन नॉर्डनने १५९३ साली मिडलसेक्स परगण्याचा नकाशा छापला, तेव्हा बाजारपेठेचे गाव, राणीचा वाडा, सरदारांची घरे, किल्ला अशा एकेका प्रकाराला वेगळी खूण देऊन त्यांचा अर्थही त्याने सोबत छापला. त्या सूचीवर आपण क्षणभर थांबू. राणीच्या वाड्याला स्वतंत्र खूण मिळाली, विणकराच्या झोपडीला मिळाली नाही. जे सूचीत आले तेच नकाशावर येऊ शकले. सूची बनवणाऱ्याच्या नजरेतून जे सुटले ते जमिनीवर असूनही कागदावरून पुसले गेले. सूचीचे हे सामर्थ्य पुढेही आपली सोबत करणार आहे.

ते सामर्थ्य शासनाने पूर्णपणे आपल्या हाती घेतले ते १८०२ साली पॅरिसमध्ये. फ्रान्समध्ये लष्कर, आरमार, रस्ते-पूल, खाणी, जंगले अशी खाती आपापल्या खुणांनी नकाशे काढत आणि एका खात्याचा नकाशा दुसऱ्याला धड वाचता येत नसे. म्हणून या खात्यांच्या प्रतिनिधींची समिती बसली. तिने नकाशाची प्रमाणे मीटर पद्धतीत बांधून दिली, तिरक्या नजरेने काढलेल्या चित्रांऐवजी थेट वरून पाहिलेले आकार आणले आणि खुणांचा एकच सरकारी संच ठरवला. इथून नकाशाची भाषा एकसारखी झाली. त्याच वेळी तिच्यात नवा शब्द घालायचा झाला तर सरकारी समितीचे दार ठोठावावे लागू लागले.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक वळण आले. कोपऱ्यातल्या सूचीत न मावणारी माहिती वहीत जाऊ लागली. आयर्लंडचे सर्वेक्षण १८२४ साली सुरू झाले, तेव्हा प्रत्येक स्थळनामासाठी ‘नेम बुक’ नावाच्या वह्या ठेवल्या गेल्या. ठरलेले नाव, त्याची वेगवेगळी रूपे, प्रत्येक रूपाला आधार कोणाचा, स्थळ कुठे आहे आणि त्याचे थोडक्यात वर्णन असे सारे त्यात नोंदले जाई. जॉन ओ’डोनोव्हन यांच्यासारखा आयरिश भाषेचा जाणकार गावोगाव हिंडून लोकांच्या तोंडची नावे ऐकत असे. मात्र नकाशावर शेवटी छापले जाई ते इंग्रजी वळणाचे एकच रूप. लोकांचे म्हणणे वहीत राहिले आणि नकाशा सरकारच्या भाषेत बोलला.

याच सुमाराची एक वही आपल्या मातीतली आहे. कंपनी सरकारच्या प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली जमाबंदी फसली होती. त्यानंतर १८३५-३६मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी व प्रतबंदी सुरू केली आणि १८४७ साली तिचे नियम एका संयुक्त अहवालात पक्के झाले. शेताचा आराखडा चौकोनांत विभागायचा, प्रत्येक चौकोनात मातीचा रंग, पोत आणि खोली तपासायची. मातीच्या नऊ प्रती. पहिली सोळा आण्यांची, त्याखालच्या उतरत्या आण्यांच्या. मातीत चुनखडी मिसळलेली असेल, वाळू असेल, जमीन उताराची असेल, पाण्याच्या लोंढ्याने धुपत असेल, तर प्रत्येक दोषासाठी चौकोनात ठरावीक चिन्ह काढायचे आणि एका दोषाला एक प्रत खाली उतरवायची. आजच्या शब्दांत सांगायचे तर जमिनीच्या एका तुकड्यावर अनेक गुणधर्म स्वतंत्रपणे टाचले जात होते आणि त्यांच्या बेरजेतून शेताचा आकार, म्हणजे सारा, ठरत होता. टॅगचा इतका जवळचा पूर्वज पुणे जिल्ह्यातल्या काळ्या रानात सापडतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. जिरायत, बागायत, वरकस, गायरान, गावठाण, पोटखराबा हे शब्द कुणब्याच्या तोंडचे होते आणि दप्तरात ते तसेच टिकले. परंतु मातीची प्रत ठरवणारा हात सरकारी कामगाराचा होता आणि प्रश्नही एकच होता: या जमिनीकडून किती वसूल व्हावे?

साऱ्या जगाला एकच खुणांचा संच लावण्याचे स्वप्न १८९१ साली बर्नच्या भूगोल परिषदेत आल्ब्रेख्त पेंक या जर्मन भूगोलवेत्त्याने मांडले. दहा लाखास एक या प्रमाणावर संपूर्ण पृथ्वीचा नकाशा काढायचा. रंग ठरलेले, खुणा ठरलेल्या, नावे रोमन लिपीत. १९०९ साली लंडनला आणि १९१३ साली पॅरिसला त्याचे नियम ठरले. मग महायुद्धे आली. १९५३मध्ये हे काम संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेले आणि १९८०च्या दशकात अपुरेच थांबले. आधी सर्वांनी शब्दांवर एकमत करायचे आणि मग कामाला लागायचे, हा क्रम पेंकच्या योजनेला जड गेला. पुढे यश आले ते हा क्रम उलटवणाऱ्यांना.

तो क्रम उलटण्याआधी वर्गीकरणाचा विचारच बदलावा लागला आणि त्यात मद्रासच्या एका ग्रंथपालाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन लंडनमध्ये ग्रंथालयशास्त्र शिकत असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनो हा खेळ पाहिला. मोजक्या पट्ट्या आणि नट-बोल्ट निरनिराळ्या रीतीने जोडून हवे ते खेळणे करता येते, हे त्यांच्या मनात ठसले. तोवर ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकासाठी आधीच एक कप्पा ठरलेला असे. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात तो कप्पा मोडला. विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे काढायचे, प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर द्यायचे आणि उत्तरे विरामचिन्हाने जोडायची. ‘हे कोणत्या खणात बसते?’ या प्रश्नाची जागा ‘याचे काय काय सांगता येईल?’ या प्रश्नाने घेतली. नकाशाच्या टॅगांना हा वारसा थेट मिळाला असे म्हणता येणार नाही. पण एकच रस्ता किती रुंद, कशाने बांधलेला, एकेरी की दुहेरी, हे वेगवेगळ्या जोड्यांनी सांगणे आज आपल्याला स्वाभाविक वाटते, त्या विचाराचा हा मोठा पूर्वसूरी आहे.

संगणक आला तेव्हा मात्र नकाशा पुन्हा खणांकडे वळला. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमिनीच्या नोंदी यंत्रात घातल्या. अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रस्त्यांची संगणकी नोंद सुरू केली आणि १९९०च्या जनगणनेसाठी ‘टायगर’ ही देशव्यापी माहिती तयार केली. तिच्यात प्रत्येक रेषेला सांकेतिक क्रमांक होता. ‘ए’ म्हणजे रस्ता, ‘बी’ म्हणजे लोहमार्ग, ‘एच’ म्हणजे पाणी. ‘ए४१’ म्हणजे वस्तीतला साधा रस्ता. यंत्राला हे सोयीचे होते. माणसाला संकेतकोश उघडून बसावे लागे आणि त्या कोशात भर घालणे त्याच्या हाती नव्हते.

आता आपण २००४ साली येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट याने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केले. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी सर्वेक्षण संस्थेचे नकाशे उत्तम होते, पण ते परवान्याच्या आणि शुल्काच्या कुंपणात होते. विकिपीडिया २००१पासून लोकांच्या हातांनी वाढत होता. नकाशाही तसाच वाढेल, असा कोस्टचा विश्वास होता. त्याच काळात इंटरनेटवर लोक आपापल्या दुव्यांना आणि छायाचित्रांना मनाजोगे शब्द चिकटवू लागले होते. दुव्यांचे ‘डिलिशस’ २००३चे, छायाचित्रांचे ‘फ्लिकर’ २००४चे. लोकांनी घडवलेल्या अशा वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वाल यांनी २००४मध्येच ‘फोक्सोनॉमी’ असे नाव दिले. ओपनस्ट्रीटमॅपने हीच मोकळीक घेतली आणि तिला प्रश्न-उत्तराच्या जोडीची शिस्त दिली. प्रत्येक बाजूला २५५ अक्षरांची मर्यादा आणि जगातली कोणतीही लिपी. यापलीकडे यंत्र काही विचारत नाही. कोणता टॅग वैध आणि कोणता अवैध हे सांगणारी समितीच नेमली गेली नाही. पेंकचा क्रम इथे उलटला: आधी काम, मग शब्द, आणि एकमत सर्वांत शेवटी. मे २००६मध्ये स्वयंसेवकांनी आइल ऑफ वाइट बेटावर शनिवार-रविवार घालवून, जीपीएस घेऊन रस्ते पालथे घातले. ऑक्टोबर २००७मध्ये या नकाशाची अंतर्गत रचना बदलली, जुने तुकडे काढून टाकले गेले आणि त्यांच्या जागी नवे घटक आले. टॅगची जोडी मात्र जशी होती तशीच राहिली.

तरीही मोकळ्या कागदावर कुणीतरी पहिला शब्द लिहितोच, आणि तो आपल्या घरचाच लिहितो. सुरुवातीचे कार्यकर्ते इंग्रज होते, म्हणून टॅगांची पहिली शिफारसयादी इंग्लंडच्या रस्त्यांवरून निघाली. ‘हायवे’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय महामार्ग येतो. इंग्लंडच्या कायद्यात मात्र ज्यावरून जाण्याचा सर्वांना हक्क आहे ती प्रत्येक वाट, अगदी पायवाटसुद्धा, ‘हायवे’ असते. म्हणूनच ‘हायवे=फूटवे’ ही आपल्याला खटकणारी जोडी जन्माला आली. ‘ट्रंक’ हा शब्द १९३६च्या ट्रंक रोड्स ॲक्टमधला. ‘अनक्लासिफाइड’ म्हणजे वर्ग न ठरलेला रस्ता असे आपण समजू, पण तो खरा ब्रिटनच्या वाहतूक मंत्रालयाने १९२०च्या दशकात केलेल्या वर्गवारीत न बसलेला, तरी वापरातला लहान रस्ता. जर्मनीपासून जपानपर्यंत सर्वांना आपले रस्ते या इंग्रजी मापात बसवावे लागले. भारतात त्यासाठी एक जुना आधार तयार होता. डिसेंबर १९४३मध्ये प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले होते आणि त्यांनी देशातल्या रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड लावली होती. सहा दशकांनी भारतीय स्वयंसेवकांनी तीच उतरंड टॅगांना जोडली. राष्ट्रीय महामार्ग ‘ट्रंक’ झाला, राज्यमार्ग ‘प्रायमरी’, प्रमुख जिल्हा मार्ग ‘सेकंडरी’, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ‘मोटरवे’. नागपूरचा निर्णय आणि लंडनचा शब्द असे एका रेषेवर येऊन भेटले.

पुढची वर्षे या पद्धतीच्या कसोटीची होती. २००७-०८मध्ये अमेरिकेची टायगर माहिती यंत्राच्या साहाय्याने एकगठ्ठा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आली. संकेतांवरून टॅग आपोआप लागले आणि पश्चिमेकडच्या ओसाड मुलखातल्या कच्च्या गाडीवाटासुद्धा नकाशावर वस्तीतले रस्ते म्हणून झळकू लागल्या. त्या दुरुस्त करायला माणसांना वर्षानुवर्षे खपावे लागले. याच्या उलट अनुभव १२ जानेवारी २०१०च्या हैतीमधल्या भूकंपाने दिला. पोर्त-ओ-प्रँस शहराचा उपयोगी पडेल असा नकाशाच नव्हता. जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून तो काही दिवसांत उभा केला. कोसळलेली इमारत आणि लोकांनी मोकळ्या जागी आपणहून उभारलेली छावणी यांच्यासाठी कोणत्याही जुन्या सूचीत शब्द नव्हता. तो त्या आठवड्यातच घडवला गेला, लगेच वापरला गेला आणि मदतपथकांनी वाचला. १८०२च्या पद्धतीने गेले असते तर आधी समिती बसवावी लागली असती.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये ‘व्हीलमॅप’ सुरू झाला. चाकाच्या खुर्चीतून एखाद्या दुकानात, वाचनालयात, स्थानकात जाता येते का, या प्रश्नाची ‘हो’, ‘अंशतः’ आणि ‘नाही’ अशी तीन उत्तरे त्याने ओपनस्ट्रीटमॅपच्या टॅगांत लिहून घेतली. नॉर्डनसारख्यांच्या जुन्या खुणांच्या सूचींनी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण सूची करणाऱ्यांना पायरी चढताना अडचण येत नव्हती. पण दार सर्वांना उघडे असले म्हणजे सारेच आत येतात असे होत नाही. मुलांच्या पाळणाघरासाठी वेगळा टॅग असावा, हा प्रस्ताव पहिल्या खेपेला मतदानात नामंजूर झाला. नकाशात भर घालणाऱ्यांत पुरुषच फार असल्यामुळे असे घडते, हे भूगोलाच्या अभ्यासक मोनिका स्टीफन्स यांनी २०१३ साली दाखवून दिले. पुढे तो टॅग वापरात आला आणि रुजला. २०१०पासून ‘टॅगइन्फो’ ही सेवा कोणता टॅग किती वेळा वापरला गेला याची मोजदाद सर्वांसमोर ठेवते, त्यामुळे शब्दाचे बळ ठरावापेक्षा वापरावरून ठरते. भाषेतही हेच घडते. कोश मागाहून येतो. आधी लोक बोलतात.

आता आपण वर्तमानात, आपल्या गावाच्या शिवेवर येऊन उभे राहू. आपल्या जुन्या गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा दिसते, ती गाडीवाट. तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. ती सव्वाआठ फुटांची. विंगेटच्या परंपरेतून आलेल्या या खुणांवर आजही बांधाबांधाचे तंटे सुटतात. त्यातल्या गाडीवाटेला पाणंद म्हणायचे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. उपग्रहाच्या चित्रात मात्र ती नुसती तपकिरी ओरखड्यासारखी दिसते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तिला ‘हायवे=ट्रॅक’ असे लिहिता येते, ती मातीची आहे असे सांगता येते, आणि ‘नेम:एमआर’ या कीपुढे तिचे मराठी नाव देवनागरीत लिहिता येते. पेंकच्या नकाशात या लिपीला जागा नव्हती. इंग्लंडच्या रस्त्यांवरून निघालेल्या यादीला बारव ठाऊक नव्हती, देवराई ठाऊक नव्हती, वाडी आणि पाडा यांतला फरकही ठाऊक नव्हता. ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. लागतो तो एक माणूस, ज्याने ती बारव पाहिली आहे आणि जो तिच्याबद्दल लिहायला बसतो.

तीन हजार वर्षांत नाव देणारा हात फेरोच्या लेखनिकाकडून विद्वानाकडे, नकाशाकाराकडे, सरकारी समितीकडे, मोजणी कामगाराकडे आणि यंत्राकडे गेला. पावसाळ्यात ही पाणंद चिखलाने बंद होते आणि शाळेची मुले वरच्या बांधावरून जातात, हे त्यांपैकी कुणी नोंदवले नाही, कारण त्यांपैकी कुणी त्या वाटेने शाळेत गेले नव्हते. जो गेला आहे, त्याच्या हाती आता तो टॅग आला आहे.